बोअर मारायला परवाना, बुजवायला कोण?

भाईंदर पश्चिमेला राहून खनिजांवर लिहायचं म्हणजे मिठागराच्या बांधावर बसून डोंगराच्या गोष्टी सांगणं, असं कुणी म्हणेल. इथे कोळसा नाही, मँगनीज नाही. खाडी आहे, मीठ आहे. पण जमिनीला भोक पाडणारी यंत्रं आमच्या ओळखीची आहेत. मेट्रो ९ चा मार्ग भाईंदर पश्चिमेत येऊन संपतो. अशा कुठल्याही कामात खांब उभा करण्याआधी जमिनीत बोअर मारून खालची माती आणि खडक तपासतात. या मेट्रोची कारशेड आधी राई, मुर्धा आणि मोर्वा गावांच्या बाजूला ठरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला आणि ती डोंगरीला हलवली गेली. तिथे मग झाडांचा प्रश्न पेटला. त्या वादात आम्ही एक गोष्ट पाहिली. ज्याच्या हातात सातबारा आहे त्याचा विरोध निदान टेबलापर्यंत पोहोचतो. ज्याच्या हातात कागद नाही, त्याच्या दारात यंत्र उभं राहिलं तरी त्याला कुणी विचारत नाही.

या लेखाचा विषय एवढाच आहे: जमिनीत भोक पाडलं कुणी, बुजवायचं कुणी, आणि बुजवलं नाही तर दाद मागण्याचा हक्क कुणाचा. विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या चळवळीने पाण्यासाठी महाडला आणि जमिनीसाठी गायरानावर जो लढा दिला, त्या दोन्हींच्या मधोमध हे भोक येतं.

आधी भोक म्हणजे काय ते सांगतो. खनिज शोधण्यासाठी जो बोअर मारतात तो आपल्या शेतातल्या बोअरवेलपेक्षा अरुंद असतो, साधारण तीन इंच, फार तर चार. टोकाला हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट असतो. तो फिरत खाली जातो आणि त्याच्या पोकळीत खडकाची सलग कांडी जमा होते. तिला कोअर म्हणतात. बिट थंड राहावा आणि खडकाचा भुगा वर यावा म्हणून सतत पाणी सोडतात, बऱ्याचदा त्यात बेंटोनाइटची माती कालवतात. शेजारी चिखलपाण्यासाठी खड्डा खणतात. रिग आणि पाण्याचा टँकर यावा म्हणून वाट करतात, झुडपं तोडतात, बांध फोडतात. शंभर, दोनशे, पाचशे मीटर खोल गेल्यावर काम संपतं. कोअरच्या कांड्या लाकडी किंवा पत्र्याच्या पेट्यांत क्रमाने ठेवतात, प्रत्येक पेटीवर बोअरचा नंबर आणि खोली लिहितात, आणि त्या पेट्या कोअर लायब्ररीत जातात. दगडाची इतकी काळजी घेतात. त्याला छप्पर मिळतं, नंबर मिळतो, राखणदार मिळतो. दगड जिथून काढला ती जागा मात्र कुणाच्या लायब्ररीत जात नाही.

ते भोक उघडं राहिलं तर काय होतं? तीन इंचात माणूस पडत नाही, हे खरं. जनावराचा पाय अडकतो, पावसात तोंड खचून मोठं होतं, चिखलाचा खड्डा साचून राहतो. पण खरा धोका खाली असतो. जमिनीखाली पाण्याचे थर एकावर एक असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी न झिरपणारे थर असतात. वरचं पाणी गोडं असेल, खालचं खारट किंवा लोहयुक्त असेल. बोअर हे सगळे थर सुईने गोधडी टोचावी तसा टोचत जातो. न बुजवलेल्या भोकातून एका थरातलं पाणी दुसऱ्यात जातं, वरची घाण थेट खोल जाते, किंवा विहिरीचं पाणी खाली उतरून जातं. पुढे त्याच जागी भुयारी खाण झाली तर ते भोक खाणीत पाणी किंवा वायू आणणारी नळी बनतं. म्हणून नीट बुजवायचं तर वरून दोन टोपल्या मुरूम टाकून चालत नाही. तळापर्यंत पाइप सोडून सिमेंटची पातळ लापशी, गरज असेल तर बेंटोनाइटसह, खालून वर भरत यावी लागते. नाहीतर मध्येच पोकळी राहते आणि वरून सगळं ठीक दिसतं. मग तोंडाशी सिमेंटचा ठोकळा करून त्यावर नंबर लिहायचा. चिखलाचा खड्डा भरायचा, तेल सांडलेली माती उचलायची, यंत्राच्या चाकांनी दाबलेली जमीन नांगरून मोकळी करायची, आणि आधी बाजूला काढून ठेवलेली वरची सुपीक माती शेवटी पसरायची. यात रॉकेटचं शास्त्र नाही. खर्च आहे, वेळ आहे, आणि हिशेब मागणारा कुणीतरी लागतो.

बुजवण्याच्या कायद्याचा इतिहास या देशात कोळशापासून सुरू होतो, आणि त्या इतिहासात बाबासाहेब आहेत.

झरियाच्या कोळसा क्षेत्रात १९१६ पासून जमिनीखाली आग आहे. कंपन्या कोळसा काढायच्या आणि पोकळ्या तशाच सोडून पुढे जायच्या. वरचं छत बसायचं, हवा शिरायची, उरलेला कोळसा पेटायचा. १९३९ साली ब्रिटिश सरकारने यावर कायदा केला, 'कोल माइन्स सेफ्टी (स्टोइंग) ॲक्ट'. स्टोइंग म्हणजे खाणीतली रिकामी पोकळी वाळूने भरून काढणं. रवाना होणाऱ्या कोळशावर उपकर बसवला, मंडळ नेमलं, आणि त्या पैशातून पोकळ्या भरायला मदत द्यायची असं ठरलं. ज्याने पोकळी केली त्याच्या मालावर पैसा बसवून पोकळी भरायची, हे तत्त्व या देशात तेव्हापासूनचं आहे.

जुलै १९४२ ते जून १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि खाणी त्यांच्या खात्याकडे होत्या. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया आणि राणीगंजच्या कोळसा खाणी पाहायला गेले, स्वतः खाली उतरले. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. पुन्हा तीच रीत: कोळशावर उपकर आणि त्यातून कामगारांची घरं, दवाखाने, पाणी. १९४६ मध्ये अभ्रक खाणींसाठी तसाच निधी झाला.

याच काळातली एक गोष्ट आपल्याकडे भाषणांत सांगितली जात नाही, म्हणून इथे सांगतो. स्त्रियांना भूमिगत खाणीत कामाला लावण्यावरची बंदी १९४३ मध्ये युद्धाच्या कारणाने उठवली गेली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर तहकुबी सूचना आली आणि मजूर सदस्य म्हणून उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. कोळशाची टंचाई हे कारण त्यांनी मांडलं, आणि या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी दिली जाईल, हेही सांगितलं. बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. हा प्रसंग विरोधक आपल्यावर फेकतात आणि आपले लोक गप्प बसतात. गप्प बसायचं कारण नाही. सरकारच्या निर्णयाचं ओझं उचलतानाही खाणीतल्या बाईच्या मजुरीचा प्रश्न सभागृहाच्या नोंदीत आणणारा मंत्री त्या काळात दुसरा कोण होता? पण निर्णय टंचाईपोटी झाला होता, हेही खरं. खाणीच्या बाबतीत 'आत्ता माल हवा, माणसाचं नंतर पाहू' हा दबाव किती जुना आहे ते यातून दिसतं. मजूर खात्यात बाबासाहेब असतानाही तो थांबला नाही.

आता कायद्यांची नावं बघा. १९३९ च्या कायद्याच्या नावात 'सेफ्टी' होती. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये त्याची जागा 'कोल माइन्स (कॉन्झर्व्हेशन अँड सेफ्टी) ॲक्ट'ने घेतली. म्हणजे आधी कोळशाचं जतन, मग सुरक्षितता. १९७४ मध्ये आला 'कोल माइन्स (कॉन्झर्व्हेशन अँड डेव्हलपमेंट) ॲक्ट'. नावातून सुरक्षितता गेली आणि विकास आला. खाण सुरक्षेचे वेगळे नियम होते आणि आहेत, त्यामुळे नुसत्या नावावरून फार ताणू नये. पण पोकळी भरायची ती कुणासाठी, वरच्या माणसासाठी की खालच्या मालासाठी, या प्रश्नाचं उत्तर पस्तीस वर्षांत कसं सरकत गेलं ते या तीन नावांत वाचता येतं.

त्यानंतरच्याच वर्षी, २७ डिसेंबर १९७५ ला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणकामात साचलेलं पाणी फुटून आत आलं आणि ३७५ कामगार बुडून मेले. खाली सोडून दिलेली पोकळी विसरली जाते. तिच्यातलं पाणी मात्र साचत राहतं. याच बोअरची दुसरी बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी भरलं तेव्हा वरून बोअर मारून, त्यातून पोलादी कॅप्सूल सोडून ६५ कामगारांना एकेक करून वर काढलं. तेव्हा आमचं भांडण यंत्राशी नाही.

आता महाराष्ट्रात येऊ. जमिनीला भोक पाडण्याची देशाची राजधानी कुठली विचाराल तर ती नागपूर आहे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपुरात. १९७२ मध्ये मिनरल एक्स्प्लोरेशन कॉर्पोरेशन या नावाने स्थापन झालेल्या एमईसीएलचं मुख्यालय नागपुरात. वेस्टर्न कोलफिल्ड्स नागपुरात. मँगनीज काढणाऱ्या मॉयलचं मुख्यालय नागपुरात, आणि तिची मुळं १८९६ च्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट'पर्यंत जातात. नावातच प्रॉस्पेक्टिंग, म्हणजे शोध. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखोंनी दीक्षा घेतली, त्याच शहरातून देशभरातल्या खनिज शोधाचे नकाशे निघतात. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या आपल्या किती कार्यकर्त्यांना ही कार्यालयं माहीत आहेत?

जुन्या गावगाड्यात गावाची शीव कोणती हे सांगायचा मान महाराचा होता. शिवेचा तंटा झाला की त्याची साक्ष चालायची. मोजणीवाला साहेब आला की त्याला वाट दाखवणारा, साखळी धरणारा, निशाण रोवणारा तोच. जमिनीचं ज्ञान त्याच्याकडे होतं, जमीन मात्र नव्हती. होती ती वतनाची, म्हणजे वेठीच्या बदल्यातली, आणि बाबासाहेबांनी तिलाच गुलामीची साखळी मानून वतनं मोडण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. आज रिगवर ड्रिलर बाहेरून येतो आणि पाणी, चिखल, रॉड वाहणारा हेल्पर जवळच्या वस्तीतून रोजावर घेतला जातो. कामाची वाटणी जुन्याच वळणाने जाते.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी दोन गोष्टी एकत्र मागितल्या होत्या. मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, आणि शेतजमीनही सरकारच्या मालकीची होऊन ती जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला मिळावी, जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. स्वतंत्र भारताने यातला अर्धा भाग उचलला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ ने जमिनीखालच्या खनिजावर सरकारचा हक्क सांगितला. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ च्या कायद्याने पुरं झालं. जमिनीच्या खालचा भाग सरकारने घेतला. वरचा भाग भूमिहीनांना वाटायचा राहिला तो राहिलाच. त्यासाठी दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला, हजारो लोक तुरुंगात गेले. त्याचा परिणाम म्हणून गायरानावरची काही अतिक्रमणं नियमित झाली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. तो कागदावर आहे. सातबाऱ्यावर नाव चढलेलं नाही अशी कुटुंबं मराठवाड्यात आणि विदर्भात आजही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत आहेत. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर याच लोकांना गायरान सोडण्याच्या नोटिसा आल्या.

बोअरचा प्रश्न नेमका इथे येऊन अडकतो. खासगी बागायतीत रिग घालायची तर मालक भांडतो. गायरान, पडीक, वनजमीन इथे मालक सरकार, म्हणजे रिग आणणाऱ्याचाच भाऊबंद. आणि त्या जमिनीवर कसणारा तो 'अतिक्रमणदार'.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५७ साली, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतरच्या वर्षी, दोन कायदे झाले. खाणी आणि खनिजांचा मुख्य कायदा, आणि कोळसा असलेल्या जमिनींचा 'कोल बेअरिंग एरियाज ॲक्ट'. दुसऱ्या कायद्याने सरकारच्या माणसाला जमिनीत शिरायचा, खणायचा, बोअर मारायचा, आड येणारं उभं पीक, कुंपण, झाडी कापायचा अधिकार दिला, आणि नुकसानीची भरपाईही सांगितली. पहिल्या कायद्याखाली १९६० मध्ये खनिज सवलत नियम आले. शोधाचा परवाना घेणाऱ्याने परवाना संपला किंवा काम सोडलं की ठराविक मुदतीत सगळे बोअर पक्के बुजवावेत, आणि खड्डे भरावेत किंवा त्यांना कुंपण घालावं, अशी अट त्यांत होती. १९८८ च्या खनिज संधारण व विकास नियमांनी आणखी पुढे जाऊन सांगितलं की शोधकामाने आणि खाणकामाने बिघडलेली जमीन टप्प्याटप्प्याने पूर्ववत करायची, आणि हे काम सोडून जाण्याआधी पुरं करायचं. म्हणजे कायदा नाही अशी तक्रार करायला जागा नाही. साठ वर्षांहून जास्त काळ तो आहे.

पण नियम नीट वाचा. एक, 'भरावेत किंवा कुंपण घालावं'. या 'किंवा'ने महाराष्ट्रातले कितीतरी खड्डे वाचवले असतील! कुंपणाचे लोखंडी खांब रानात किती दिवस टिकतात ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. दोन, अट परवान्याला चिकटवलेली आहे. ज्याने परवाना घेतला त्याने बुजवायचं. आणि मुख्य कायद्याच्या कलम ४ प्रमाणे भूवैज्ञानिक सर्वेक्षण, एमईसीएल, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय अशा सरकारी संस्थांना शोधकामासाठी परवान्याची गरजच नाही. या संस्थांची स्वतःची कामाची पद्धत असते, ठेक्याच्या अटी असतात, चांगलं काम करणारे भूवैज्ञानिक असतात. आम्ही सगळ्यांना एका काठीने हाकत नाही. पण खात्याची अंतर्गत पद्धत वेगळी आणि गावातल्या माणसाने बोट ठेवून दाखवावी अशी कायद्याची अट वेगळी. तीन, जिथे शोधानंतर खाणपट्टा मिळाला ती जमीन त्या अटीतून सुटते, पुढचं खाण बघेल म्हणून. आणि खाण काय बघते? जुलै २०२१ मध्ये सिंधुदुर्गातल्या कळणे इथे खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटला आणि लाल चिखलपाणी खालच्या बागांत, घरांत शिरलं. तेव्हा ते दिसलं.

एक शब्द मात्र आपल्या बाजूचा आहे आणि तो कार्यकर्त्यांनी पाठ करावा. मुख्य कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीने कलम २४ क आलं. त्याप्रमाणे शोधाचा परवाना किंवा खाणपट्टा घेणाऱ्याने नुकसानभरपाई द्यायची आहे ती जमिनीच्या पृष्ठभागाच्या 'ऑक्युपायर'ला. 'ओनर' हा शब्द तिथे नाही. ज्याच्या ताब्यात, वहिवाटीत वरची जमीन आहे तो. पंचनामा करणारे सातबारा मागतात आणि नाव नसेल तर पुढे जातात. त्यांना विचारायला हवं की कायद्यात सातबारा कुठे लिहिला आहे? अतिक्रमणदार म्हणजे ऑक्युपायर नव्हे, असा युक्तिवाद सरकार करेल हे आम्हाला दिसतं. करू दे. ज्याला १९९१ चा शासन निर्णय लागू होतो, ज्याच्याकडे दंडाच्या पावत्या आहेत, पीकपाहणीत नोंद आहे, त्याला वहिवाटदार म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं, हा वाद कोर्टात जाण्याच्या लायकीचा आहे. बुजवून मागण्याचा हक्क इथूनच उभा करता येईल.

जंगलात हा भेद आणखी उघडा दिसतो. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासीला, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आपल्या बौद्ध कुटुंबालाही, तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. ज्याच्या आजोबाला गावात कागद मिळत नव्हता त्याने ७५ वर्षांचा कागद आणायचा! आणि २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. खनिजाची पाहणी, शोध, पूर्वेक्षण ही कामं केंद्र सरकारने ठरवलेल्या अटींवर 'वनेतर काम' मानलीच जाणार नाहीत, अशी तरतूद त्यात आली. म्हणजे नांगर चालवला तर वनेतर, रिग चालवली तर नाही. त्याच वर्षी खनिज कायद्यात २९ खोल आणि महत्त्वाच्या खनिजांसाठी खासगी कंपन्यांना नवा शोध परवाना आला. त्याआधी २०१५ मध्ये रॉयल्टीच्या २ टक्के रकमेतून शोधकामासाठी राष्ट्रीय ट्रस्ट झाला होता. बोअर वाढणार आहेत. लिथियम हवं, तांबं हवं, बॅटऱ्या हव्यात. आम्हालाही मोबाइल लागतो, हा लेख त्यावरच वाचला जाईल. प्रश्न बुजवण्याच्या पैशाचा आहे. भोक पाडण्याचा ट्रस्ट झाला, बुजवण्याचा वेगळा हिशेब कुठे आहे?

बोअरवेलच्या बाबतीत देशाला जाग आली ती २००६ मध्ये हरियाणातल्या हल्दाहेडी गावात एक पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला आणि टीव्हीवर दोन दिवस ते दिसत राहिलं, तेव्हा. पुढे तशा घटना होतच राहिल्या आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. बोअर मारण्याआधी १५ दिवस कळवायचं, फलक लावायचा, कुंपण आणि सिमेंटचा ओटा करायचा, तोंडावर पत्रा वेल्ड करायचा, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरून तसा दाखला ठेवायचा. इथे 'किंवा' नाही. पाण्याच्या बोअरला जे लागू आहे ते खनिजाच्या बोअरला का नको? मूल पडत नाही म्हणून? वस्तीचा हातपंप आटला किंवा त्याला लाल पाणी यायला लागलं तर ते टीव्हीवर दिसत नाही. दलित वस्ती गावाच्या कडेला, गायरानाला लागून असते. बोअर तिथेच, आणि हातपंपही तिथेच. महाडला २० मार्च १९२७ ला आपण वरचं पाणी मागितलं. जमिनीखालचं पाणी कुणी नासवलं तर त्याचा पंचनामा कोण करतं? ॲट्रॉसिटी कायद्यात जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या हक्काच्या उपभोगात केलेला हस्तक्षेप आहे. प्रत्येक भोकाला तो कायदा लावा, असं आम्ही म्हणत नाही. उगाच लावला तर तो बोथट होतो. पण पाणी नासल्याचा पुरावा आणि जाणूनबुजून केलेली टाळाटाळ दोन्ही असतील तर वकिलाला ते कलम दाखवा.

जमीन पूर्ववत होतच नाही, असंही कुणी सांगू नये. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव इथे मॉयलच्या मँगनीज खाणीच्या उकिरड्यावर, जिथे गवत उगवत नव्हतं, नीरीच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याची मळी घालून, मुळांना साथ देणारे जिवाणू आणि बुरशी वापरून साग, शिसव, कडुनिंब उभे केले. तेही नागपूरच्याच संस्थेने. हात आहेत, शास्त्र आहे, नमुना आहे.

ज्या तालुक्यात आपली शाखा आहे आणि अलीकडे रिग येऊन गेली आहे, तिथे काम असं करता येईल. माहिती अधिकारात अर्ज टाका. त्या संस्थेने तालुक्यात मारलेल्या प्रत्येक बोअरचा नंबर, अक्षांश-रेखांश, खोली, कोणत्या गटात तो आहे, काम संपल्याची तारीख, बुजवल्याची तारीख, कशाने बुजवला, किती सिमेंट लागलं, आणि त्याचं बिल मागा. बिल जरूर मागा, कारण सिमेंटच्या गोण्यांचा आकडा आणि बोअरची खोली यांचा मेळ कुणीही शाळकरी पोरगा घालू शकतो. मग नंबर घेऊन रानात जा. सिमेंटचा ठोकळा आहे का पाहा, फोटो काढा, तारखेसह. ठोकळा नसेल, भोक उघडं असेल तर दोरीला दगड बांधून किती खाली जातो ते दोन पंचांसमोर मोजा. वस्तीच्या हातपंपाचं पाणी तपासून घ्या, आणि शक्य असेल तिथे रिग येण्याआधीच घ्या. नंतरच्या तपासणीला पहिल्या तपासणीशिवाय किंमत नाही, आणि सगळे इथेच चुकतात. कसणाऱ्याची वहिवाट दाखवणारे कागद, पावत्या, नोटिसासुद्धा, एका फायलीत लावा. सरकारने काढलेली अतिक्रमणाची नोटीस हा तुमच्या ताब्याचा सरकारनेच दिलेला पुरावा असतो, ती फाडून फेकू नका. हे सगळं घेऊन ग्रामसभेत ठराव मांडा की अमुक नंबरचे बोअर बुजवून, जमीन पूर्ववत करून, वहिवाटदाराची सही घेतल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. ठरावाची प्रत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला आणि नागपूरच्या मुख्यालयाला पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. उत्तर तीस दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील करा, आणि आलं तर ते आम्हाला पाठवा. अशी उत्तरं तालुकावार एकत्र करण्याचं काम आम्ही इथे भाईंदरहून करू.